शेवटचे पंचेचाळीस किलोमीटर

ठाणे सोडून नाशिकच्या दिशेने निघाले की माणकोली, रांजणोली, सोनाळे अशी नावे एकामागून एक मागे पडतात आणि मग वडपे येते. जाणाऱ्या-येणाऱ्याच्या लेखी वडपे म्हणजे एक फाटा, रस्त्याच्या कडेला रांगेने उभे असलेले मालमोटारींचे तांडे आणि दोन्ही अंगांना पसरलेली पत्र्याची गोदामे. भाताच्या शेतांतून ही गोदामे उभी राहू लागली, त्या सुमारास आम्ही उभयता पोटामागे वसईहून येथे आलो. आमच्यापैकी एकाने एका गोदामात जमाखर्च लिहिला, दुसरीने मुलांना भूगोल शिकवला. आता दोघेही निवृत्त आहोत. पण एकाची तासांचा हिशेब मांडण्याची खोड गेलेली नाही आणि दुसरीची नकाशा उघडून बसण्याची.

गोदामात विमानाने आलेल्या मालाच्या खोक्यांवर चिठ्ठ्या असत. त्यांवर प्रत्येक विमानतळाचे तीन अक्षरी नाव. मुंबईचे ‘बीओएम’, शहराचे नाव बदलले तरी ते बदलले नाही. टोरांटोचे ‘वायवायझेड’, त्यात टोरांटोतले एकही अक्षर नाही. जवळच्या माल्टन या रेल्वे स्थानकाची तारायंत्राच्या काळातली खूण त्यात शिल्लक राहिली आहे. ही दोन नावे आमच्या घरात देवघरातल्या नावांइतकी परिचयाची झाली, कारण आमचा धाकटा भाऊ १९९८ साली टोरांटोला गेला आणि आई मात्र आमच्यापाशी वडप्याला राहिली.

आईला किलोमीटर कळत नसत असे नव्हे. तिचा त्यांच्यावर विश्वास नव्हता. ‘किती लांब?’ असे तिने कधीच विचारले नाही, ‘किती तास?’ असेच विचारले. आणि ते तासही विमानाचे नव्हेत. त्याने आपल्या दाराला कुलूप लावल्यापासून आपल्या दारात चपला काढीपर्यंतचे तास. मधले काय ते विमान कंपनीने बघावे, असे तिचे म्हणणे.

हे माप तिने १९९० साली स्वतः तयार केले होते. तेव्हा आम्ही वसईला होतो आणि धाकटा चोवीस वर्षांचा, कुवेतला एका कंत्राटदाराकडे नोकरीस. कुवेत ते मुंबई हे अंतर सरळ आकाशमार्गाने सुमारे पावणेतीन हजार किलोमीटर. विमानाला चार तासही पुरतात. वसईतल्या कितीतरी घरांतून मुले आखातात जात, आणि ‘रात्री बसला की पहाटे घरी’ असे आयाबाया एकमेकींना सांगत. मग २ ऑगस्ट रोजी इराकचे सैन्य कुवेतमध्ये शिरले. विमानतळ बंद झाला, फोन बंद झाले, टपाल बंद झाले. चार तासांवरचा मुलगा एकाएकी कोणत्याच अंतरावर राहिला नाही. आई रोज संध्याकाळी चर्चमध्ये जाऊन गुडघे टेकी आणि घरी येऊन रेडिओपाशी बसे.

तो आला सतरा दिवसांनी. म्हणजे त्याने कुवेत सोडल्यापासून सतरा दिवसांनी. बसने बसरा, तेथून बगदाद, तेथून वाळवंटातून जॉर्डनची सरहद्द. सरहद्दीवर तंबूत, मोजून मिळणाऱ्या पाण्यावर काढलेले दिवस. मग अम्मान आणि अम्मानहून मुंबईचे विमान. त्या ऑगस्ट-ऑक्टोबरात एअर इंडियाने ५९ दिवसांत ४८८ उड्डाणे करून लाखाहून अधिक भारतीयांना मायदेशी आणले. जगाच्या इतिहासात त्याची नोंद आहे आणि ती असायलाच हवी. आमच्या घरातली नोंद निराळी आहे. जमाखर्चवाल्याने त्या रात्री वहीच्या मागच्या पानावर भागाकार मांडला: पावणेतीन हजार किलोमीटर, सतरा दिवस, म्हणजे ताशी सुमारे सात किलोमीटर. माणूस भरभर चालला तरी जवळपास याच वेगाने येता. आईने ते ऐकले आणि म्हणाली, “म्हणजे तो चालतच आला म्हणायचा.” तेव्हापासून विमानाचा वेग सांगणाऱ्याकडे ती जरा कीव आल्यासारखी पाही.

खरे तर विमानाविषयी तिला कौतुकही होते. १९६४ च्या डिसेंबरात मुंबईत जागतिक युकॅरिस्टिक काँग्रेस भरली, तेव्हा पोप सहावे पॉल यांच्या दर्शनाला ती वसईहून आगगाडीने गेली होती. पोप महोदय २ डिसेंबरला रोमहून एअर इंडियाच्या विमानाने निघाले आणि बैरुतला थांबून त्याच दिवशी सांताक्रूझला उतरले. रोम ते मुंबई सुमारे सहा हजार दोनशे किलोमीटर. आणि विमानतळाचे नावच पवित्र क्रुसाचे, याचा तिला फार आनंद. “संत फ्रान्सिस झेवियरांना किती लागले होते?” असे ती नंतर आम्हां भावंडांना विचारी आणि उत्तर आम्हांला पाठ होते. ७ एप्रिल १५४१ रोजी लिस्बन सोडलेले जहाज. मोझांबिकला वाऱ्याची वाट पाहत काढलेले महिने. ६ मे १५४२ रोजी गोवा. तेरा महिने. आज लिस्बन ते गोवा हे अंतर आकाशातून मोजले तर साडेआठ हजार किलोमीटरही भरत नाही. त्या संताला ते दिवसाला वीस-एकवीस किलोमीटर पडले. धाकटा कुवेतहून सुटून आला तेव्हा आईने त्याला प्रथम नेले ते झेवियरांच्या शवपेटीपाशी, जुन्या गोव्याला.

तो टोरांटोला निघाला तेव्हा भूगोलवालीने आईला पृथ्वीचा गोल दाखविला. भिंतीवरच्या सपाट नकाशावर मुंबई आणि टोरांटो यांना पट्टीने जोडले तर रेघ अरबस्तान, आफ्रिकेची वरची कड आणि अटलांटिक महासागर यांवरून जाते. आईची समजूत तीच होती. मग तिच्याच शिवणाच्या डब्यातला दोरा घेतला. एक टोक आईने मुंबईवर अंगठ्याने दाबून धरले, दुसरे टोरांटोवर ताणले. दोरा आपल्या मनाने वर सरकला. मुंबई सोडताच तो सौराष्ट्र-कच्छवरून सिंधमध्ये शिरला, मध्य आशिया ओलांडून रशियावर गेला, आर्क्टिक वृत्ताच्याही पलीकडे, सत्तराव्या अक्षांशापर्यंत चढला आणि मग कॅनडावर उतरला. गोल वस्तूवर दोन बिंदूंमधला सर्वांत जवळचा मार्ग असाच असतो. भूगोलात त्याला बृहत्‌वृत्ताचा मार्ग म्हणतात. आमच्या गोलावर तो दोरा एक वीत आणि चार बोटे भरला. प्रत्यक्षात सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. ताशी नऊशेच्या वेगाने चौदा तास.

“आणि आपल्या दारापासून?” आईने विचारले.

दर भेटीला ती हे आकडे पुन्हा विचारी. जाताना विमानाला जास्त वेळ लागतो आणि येताना कमी, हे तिला विशेष रुचले होते. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. येताना ते विमानाच्या पाठीशी असतात, जाताना तोंडावर. शाळेतली मुले दरवर्षी विचारीत की पृथ्वी फिरते, तर विमान नुसते वर थांबून राहिले की टोरांटो आपोआप खाली का येत नाही? पृथ्वीबरोबर हवाही फिरते, आणि हवेबरोबर विमानही. फरक पडतो तो वाऱ्याने. आईला ही कारणमीमांसा नको असे. “येताना लवकर येतो, जाताना रेंगाळतो. बरे आहे,” एवढे म्हणून ती जपमाळ हातात घेई.

आई गेली ती गुरुवार, १४ मार्च २०१९ रोजी, रात्री नऊच्या सुमारास. एक्याऐंशी वर्षांची होती. उपवासकाळाचा पहिला आठवडा चालू होता. तिने आपली व्यवस्था आधीच सांगून ठेवली होती. वसईला नेऊ नका, रस्त्यात अर्धा दिवस जाईल. जिथे राहते तिथल्याच चर्चच्या दफनभूमीत ठेवा. आणि दुसरे, मला बर्फात ठेवू नका. पहिले मागणे सोपे होते. दुसऱ्याने आम्हांला पेचात टाकले, कारण धाकटा साडेबारा हजार किलोमीटरांवर होता.

टोरांटोत तेव्हा सकाळचे साडेअकरा वाजले होते. त्याने फोनवर रडण्याच्या आधी “थांबाल ना?” असे विचारले. आम्ही “थांबतो” म्हणालो आणि मग हिशेबाला बसलो.

शुक्रवारी संध्याकाळी दफन केले असते तर आईचे मागणे बव्हंशी पाळले गेले असते. तो येणार म्हणून शनिवार ठरवावा लागला, आणि त्यासाठी तिला इस्पितळाच्या शीतपेटीत ठेवावे लागले. शनिवारच्या पुढे जाता येत नव्हते. उपवासकाळातल्या रविवारी अंत्यविधीची मिस्सा होत नाही. सोमवारपर्यंत तिला तशीच ठेवणे आम्हांला धजवले नाही. फादरांनी शनिवारी दुपारी चारची वेळ दिली. सहाला त्यांची रविवारची पूर्वसंध्येची मिस्सा होती. चार म्हणजे चार, असे ते म्हणाले नाहीत. पण आम्हांला कळत होते.

आता त्याची बाजू. गुरुवारी रात्री नऊला टोरांटोहून लंडन, सात तास. लंडन वाटेवरच आहे म्हणायचे. दोन टप्पे मिळून सरळ मार्गापेक्षा चार-साडेचारशे किलोमीटरच अधिक होतात. तेथे सकाळच्या विमानात जागा नव्हती, म्हणून रात्री नऊपर्यंत थांबणे. तेरा तास. लंडन ते मुंबई सात हजार दोनशे किलोमीटर, सुमारे नऊ तास. म्हणजे शनिवारी सकाळी साडेअकरा. बाहेर पडायला एक तास, सहार ते वडपे पंचेचाळीस किलोमीटर, दीड तास. अडीच तास धरून दोन वाजता आमच्या दारात. झाकण लावण्यापूर्वी दीड तास हातात राहत होता. वहीतला हिशेब जुळला.

जुळला नव्हता. भूगोलवालीच्या ध्यानात आले ते मध्यरात्री. दोरा मुंबई सोडताच सिंधमध्ये शिरतो. लंडनचा दोराही तसाच. आणि २७ फेब्रुवारीपासून पाकिस्तानचे आकाश बंद होते. बालाकोटनंतरचे ते दिवस. पुढे १६ जुलैपर्यंत ते बंदच राहिले आणि पश्चिमेची विमाने आखात व अरबी समुद्रावरून वळसा घालून येत राहिली. आम्ही रोज वर्तमानपत्रांतून ते वाचत होतो आणि आपला त्याच्याशी काही संबंध नाही असे समजत होतो. वळशाचा एक तास धरला. बारा साडेबारा, मग तीन. अजूनही वेळ होता.

विमान बारा चाळीसला उतरले. पावणेदोनला त्याचा फोन आला की गाडीत बसलो. घरात आईची पेटी मधल्या खोलीत होती, बायका जपमाळ करीत होत्या. अडीचला तो ठाण्याला पोहोचला. तीनला ठाण्यालाच होता. माणकोलीच्या अलीकडे एक कंटेनर आडवा झाला होता आणि त्याच्यामागे साऱ्या मुंबई-नाशिक रस्त्याची गाठ बसली होती. वडप्याला राहणाऱ्याला ही गोष्ट नवी नाही. दुपारी शहरातून अवजड वाहनांना वाट मिळते, त्याच वेळी गोदामांतून मालमोटारी सुटतात, आणि एक वाहन आडवे झाले की दोन्हीकडे मैलमैल रांगा. आमच्याच गोदामाचा माल अशा रांगांत कितीदा अडकला आणि आम्ही वहीत ‘विलंब, वाहतूक’ असे दोन शब्द लिहून मोकळे झालो, त्याची गणती नाही.

पावणेचारला आम्ही झाकण लावले. त्याला फोनवर तसे सांगितले. पलीकडून फक्त कर्ण्यांचा आवाज येत होता. थोड्या वेळाने तो म्हणाला, “तिला कुठली साडी नेसवलीत?” आम्ही सांगितली. ती त्यानेच एकदा पाठवलेल्या पैशांतून घेतली होती.

फादरांनी मिस्सा सव्वाचारला सुरू केली. प्रवचन लांबविले, कोणासाठी ते चर्चमधल्या सर्वांना ठाऊक होते. पाच वाजून दहा मिनिटांनी आम्ही दफनभूमीत होतो. पेटी खाली सोडली. मूठमूठ माती टाकून झाली. फावडी घेतलेली दोन माणसे आमच्या तोंडाकडे पाहत उभी राहिली. पंधरा मिनिटे सारे तसेच उभे होते. फादर घड्याळाकडे पाहत नव्हते आणि ते पाहत नाहीत हे दिसत होते. शेवटी आमच्यापैकी एकाने “भरा” म्हटले. कोणी म्हटले ते आम्ही दोघे आजवर एकमेकांशी बोललो नाही.

तो आला पावणेसहाला. गाडी रांजणोलीजवळ सोडून, गोदामात कामाला जाणाऱ्या एका अनोळखी मुलाच्या दुचाकीवर मागे बसून, मातीच्या कच्च्या बगलेने. बूट, चेहरा, केस सारे एका रंगाचे झाले होते. खड्डा बराच भरला होता. त्याने कोणाला काही विचारले नाही. एका माणसाच्या हातातून फावडे घेतले आणि राहिलेली माती स्वतः ओढली. फादर तोवर दुसऱ्या मिस्सेसाठी निघत होते. ते परत फिरले आणि त्याच्याबरोबर पुन्हा एकदा ‘हे आमच्या स्वर्गीय बापा’ म्हणाले. चर्चची घंटा त्याच वेळी वाजू लागली.

पुढे कित्येक रात्री आम्ही त्या दिवसाचा जमाखर्च मांडीत बसलो. त्याने टोरांटोचे दार ओढले आपल्या घड्याळाच्या शुक्रवारी पहाटे तीनला. आला शनिवारी पावणेसहाला. जवळजवळ एकोणचाळीस तास. त्यांतले आकाशात सतरा, जमिनीवर बावीस. ताशी तीनशेवीस किलोमीटरांचा वेग. कुवेतच्या मानाने केवढा! बंद आकाशाने एक तास घेतला. तो आम्ही बरेच दिवस दोन देशांच्या नावे लिहून ठेवला होता, आणि रागही धरला होता. पण सहार ते वडपे या पंचेचाळीस किलोमीटरांनी नेहमीचा दीड तास सोडून वर अडीच तास घेतले. ते कोणाच्या नावे लिहायचे? कंटेनर उलटवणारा चालक कदाचित दोन रात्री झोपलेला नसेल. तसे चालक आम्ही रोज पाहिले आहेत. त्यांना ‘माल आजच पोहोचला पाहिजे’ म्हणून सांगणाऱ्यांमध्ये आमचेच हस्ताक्षर होते. आईने ‘दारापासून दारापर्यंत’ मोजावे असे तीस वर्षे सांगितले. आम्ही विमानाचे तास चोख मांडले आणि दाराकडचे तास अंदाजाने धरले.

धाकट्याने आम्हांला कधी दोष दिला नाही. परत जाण्यापूर्वी त्याने फक्त एकदा विचारले, “दादा, शुक्रवारीच केले असते तर तिला बर्फात ठेवावे लागले नसते, नाही?” आम्ही “नाही” म्हणालो. तो म्हणाला, “मग माझ्यासाठी थांबलात, ते तिच्याविरुद्ध थांबलात.” वहिनीने त्याच्या पानात भात वाढला आणि तो जेवला. खरे तर आम्ही त्याच्यासाठी थांबलो आणि पुरते थांबलोही नाही. आईचे मागणे मोडले आणि त्याचेही पुरवले नाही. अर्ध्या-अर्ध्या किती गोष्टी माणूस प्रेमापोटी करतो!

आता वडपे बदलते आहे. नागपूरहून निघालेला ७०१ किलोमीटरांचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी पुरता खुला झाला आणि तो संपतो आमच्या शेजारच्या आमणे गावी. वडपे ते ठाणे रस्ता आठपदरी करण्याचे काम हाती घेतले गेले. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले, तेव्हा सहारखेरीज आणखी एक विमानतळ आमच्या हिशेबात आला. आकाशाचे म्हणाल तर २४ एप्रिल २०२५ पासून भारतीय विमानांना पाकिस्तानावरून जाण्याची वाट पुन्हा बंद झाली. दोरा तोच आहे. तो कोणाला ओढू देतात आणि कोणाला नाही, एवढेच बदलते.

२०२५ च्या डिसेंबरात धाकटा आला. विमान उतरले रात्री दोनला. तीनला निघतो, अशी चिठ्ठी फोनवर आली. आम्ही उठून दिवा लावला, चहाचे आधण ठेवले आणि सवयीने वहीत आकडे लिहिले: तीन वाजता निघाला, साडेचार-पाच धरू, रात्रीच्या मालमोटारी असतील, सहाही वाजतील. सव्वाचारला फोन वाजला. रस्ता मोकळा मिळाला होता. तो म्हणाला, मी आईपाशी आलो आहे, पण फाटकाला कुलूप आहे. किल्ली कोणाकडे असते?

किल्ली चर्चच्या शिपायाकडे असते आणि तो साडेपाचला येतो. आम्ही आधणाखालचा विस्तव बंद केला, अंगावर शाल घेतली आणि त्याच्याजवळ जाऊन उभे राहण्यासाठी निघालो.